स्प्रिंगच्या बुचाची बाटली

१

"ही ती नाही," प्रांजली म्हणाली, आणि स्वतःच्या बापाच्या गळ्यात धोंडा बांधून मोकळी झाली.

तेव्हा अर्थात तिला हे कळलं नव्हतं. हातातल्या निमुळत्या तोंडाच्या पेल्यात जे होतं, त्याचा आणि समोरच्या बाटलीवरच्या लेबलाचा काडीचा संबंध नव्हता, एवढंच तिला कळलं होतं. नाकाने जे सांगितलं ते तोंडाने बोलायचं, याचाच तिला पगार मिळत होता. वाळूजच्या एका मद्याच्या कारखान्यात ती ब्लेंडर होती. कुठल्या पिंपातलं किती, कशात मिसळायचं, हे ठरवायचं तिचं काम.

पडेगावच्या पुढे, दौलताबाद रोडला लागून नानासाहेबांचा बंगला होता. त्या दिवशी त्यांची पंचाहत्तरी होती. उसाची जमीन कन्नडला, नाव अख्ख्या मराठवाड्यात, आणि नाद एकच: जुनी ब्लेंडेड स्कॉच. सिंगल माल्टवाल्यांना ते तोंडावर हसायचे. "एकट्या पखवाजाला काय मैफल म्हणता? ब्लेंड म्हणजे सगळा ताफा!" असं म्हणत त्यांनी चाळीस वर्षं बाटल्या जमवल्या. या सगळ्यांची पाटलीण म्हणजे 'ओल्ड किनार्डी'. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची बाटली, तिला त्या काळचं स्प्रिंगवर दाबून बसणारं बूच. मुंबईच्या एका पारशी घरातून आणलेली. पंचाहत्तरीला उघडीन, असा त्यांचा शब्द होता.

प्रांजलीला बोलावलं होतं ते नानासाहेबांनी नव्हे. तिला आणलं सर्जेरावांनी. सर्जेरावही कन्नडचेच, तेही बाटल्या जमवणारे, आणि नानासाहेबांचे जन्माचे वैरी. दोघांची गाठ पडली की आधी रामराम आणि मग टोमणे. "तुमच्या नाकाची एवढी ख्याती नाना, मग साक्षीला एक सरकारमान्य नाक असलेलं बरं," असं म्हणत त्यांनी तिला पुढे केलं. प्रांजलीला दारात पाहून नानासाहेबांचा चेहरा आंबट झाला. या बंगल्याच्या राखणदाराची, कडूबाची ती मुलगी. गड्याची पोर आपल्या बाटलीचा निवाडा करणार, म्हणून त्यांना राग आला असणार, असं तिला वाटलं. तिलाही त्यांचा राग होताच. लहानपणी याच बंगल्याच्या पायरीवर तिला चपला काढून उभं राहावं लागायचं.

तरीही बैठक जमली. नानासाहेब म्हणाले, "आधी रोजच्या बारा वर्षांच्या बाटलीतून जीभ ओली करू." तेवढ्यात त्यांचा मुलगा विश्वजीत पटकन म्हणाला, "नको नाना, चव बिघडंल. थेट मोठीच उघडा." मोठीच उघडली. स्वयंपाकघरात सूनबाई दीपमालाचं खोबरं करपलं होतं, त्याचा वास खोलीभर पसरला. सर्जेरावांनी नाकाला रुमाल लावला, विश्वजीत आतल्या दिशेला ओरडला. नानासाहेब मात्र पेल्यात नाक घालून डोळे मिटून बसले होते.

"वा," ते म्हणाले. "शेकोटीजवळ वाळत घातलेली ओली घोंगडी. मागून गुळाच्या कढईची खरवड. आणि शेवटाला बाभळीच्या शेंगा, मेंढराच्या तोंडाला येतात तशा."

"घोंगडी?" सर्जेराव हसले. "नाना, तुम्ही कधी घोंगडी पांघरली?"

मग प्रांजलीने चाखलं आणि 'ही ती नाही' म्हणाली. नानासाहेबांनी मान खाली घातली. 

"मग कोणती हाय?" सर्जेरावांनी विचारलं.

खोटं बोलावं असं तिला सुचलंच नाही. "ही आमच्या कारखान्याची. आमचा सगळ्यात स्वस्त ब्लेंड. मळीचं स्पिरिट, वरून जळक्या साखरेचा रंग. मीच मिसळते."

आता नानासाहेब ताडकन उभे राहिले. "तुमच्या कारखान्याची? शक्यच नाही!"

सर्जेरावांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "कारखाना पोरीचा. आणि या खोलीची किल्ली बापाची. बघा बुवा."

२

कडूबाला बोलावलं तेव्हा तो बागेला पाणी देत होता. ओल्या पायांनी आत कसं यायचं म्हणून उंबऱ्यातच उभा राहिला. कमरेच्या करदोट्याला किल्ल्यांचा जुडगा. त्यात दोन किल्ल्यांचा मान मोठा. एक या खोलीची. दुसरी खुलताबादजवळच्या त्यांच्या वस्तीवरच्या बिरोबाच्या देवळाची. अख्ख्या वस्तीने ती त्याच्या हवाली केली होती, कारण कडूबा दारूला शिवत नाही आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नाही. चोर म्हणवून घेतलेल्या माणसाच्या कमरेला ती किल्ली एक दिवस राहिली नसती. आणि ती गेली की त्याचं काहीच उरलं नसतं, हे प्रांजलीला पक्कं ठाऊक होतं.

"पोरीनं बाटली पुरवली अन बापानं बदलली," विश्वजीत म्हणाला. "किती वर्षं चाललंय हे?"

"म्या चोरी केली नाय," कडूबा म्हणाला.

"बाटलीला हात लावला होता का?"

कडूबाने एकदा नानासाहेबांकडे पाहिलं. नानासाहेब खिडकीबाहेर बघत होते.

"मला ह्याच्याउप्पर काय बोलायचं नाय."

"बघा, बघा! मेंढरामागं फिरणाऱ्याला घरात घेतलं त्याचं हे फळ," विश्वजीत म्हणाला. "नाना, मी पोलीस ठाण्याला फोन लावतो."

नानासाहेब खिडकीबाहेर बघतच बोलले, पण आवाज त्यांचा वाटत नव्हता. "चोर तो चोरच. पण पाव्हण्यांचा चहा होऊ दे. मग लाव."

प्रांजलीच्या अंगाची लाही लाही झाली. वीस वर्षं या माणसाच्या कुत्र्यांपासून कुंड्यांपर्यंत सगळं आपल्या बापाने जपलं, आणि यांच्या तोंडून निघालं ते हेच. "चहा होईपर्यंत मला या घरात फिरू द्या," ती म्हणाली. "नाहीतर मी कुणाची बाटली कुणी बदलली ते बाहेर जाऊन वाटेल तसं सांगेन. सर्जेराव आहेतच ऐकायला."

सर्जेराव खूश झाले. "फिरू द्या हो! तमाशाला तिकीट थोडंच हाय."

ती आधी बापाजवळ गेली. कडूबा मागच्या पायरीवर बसला होता.

"आबा, खरं सांगा. काय झालं?"

"मला आण हाय, बिरोबाची. सांगता यायचं नाय."

"कुणी घातली आण?"

"ते बी सांगता यायचं नाय."

"तुमची किल्ली जाईल आबा!"

"सांगितलं तर आण मोडंल, अन मग ती किल्ली कमरंला ठिवायचा मला हक्कच काय?" तो शांतपणे म्हणाला. "तू चहा पी अन घरी जा."

तिला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. असल्या माणसाला वाचवायचं तरी कसं? ती उठली, आणि मघापासून मनात काय टोचतंय ते तिला तेव्हा कळलं. ओली घोंगडी. कढईची खरवड. मेंढराच्या तोंडाला येतात तशा बाभळीच्या शेंगा. नानासाहेबांनी जन्मात मेंढराच्या तोंडाचा वास घेतला नव्हता. हे बोलणं तिच्या घरचं होतं. लहानपणी ताप आला की आबा तिच्या कपाळाचा वास घेऊन म्हणायचे, "घोंगडीवानी येतंय, उतरंल आता."

म्हणजे बाटलीतलं खरं जे होतं, ते आबांनी चाखलं होतं.

३

पायाखालची जमीन सरकली तरी प्रांजली थांबली नाही. बाप चोर निघाला तर निघाला, पण निदान आपल्याला आधी कळावं, अशी तिची जिद्द. ती परत बाटल्यांच्या खोलीत गेली.

भिंतीला लागून शिसवाचं जुनं कपाट होतं, निजामाच्या काळातलं. त्याला लाखेचं पॉलिश. कडूबा ते दर आठवड्याला मऊ कापडाने पुसायचा. कपाटाशेजारी नानासाहेबांची आरामखुर्ची.

पॉलिशवर पांढुरके ठिपके होते. लाखेवर दारू पडली की पॉलिश उडतं आणि असा डाग राहतो, हे प्रांजलीला शिकवायची गरज नव्हती. ठिपके कसे पडले तेही तिने ओळखलं. आपल्याकडे जुनी माणसं पहिला घोट घेण्याआधी बोट बुडवून दोन थेंब धरतीला उडवतात. काही ठिपके खुर्चीच्या हाताच्या उंचीवर होते. खुर्चीत बसून कुणीतरी थेंब उडवले होते. आणि थोडे ठिपके अगदी खाली, कपाटाच्या तळफळीवर. तिथे जमिनीवर बसून कुणीतरी उडवले होते.

एक खुर्चीत आणि एक जमिनीवर. म्हणजे दोघं होते.

तिला जरा श्वास घेता आला. चोर घाईत असतो. तो पितो आणि पळतो, धरतीला नैवेद्य दाखवत बसत नाही. आणि मालकाच्या खुर्चीत तर मुळीच बसत नाही.

मग तिने किनार्डीची बाटली घेतली. तिच्यातून आज नानांचा आणि तिचा असे दोन घोट गेले होते, पण उघडण्याआधी सर्जेरावांनी तिचा फोटो काढलेला होता. तिने तो मागून घेतला. जुन्या बाटलीतली दारू वर्षानुवर्षं थोडी थोडी उडते, तिची पातळी खाली येते. ही पातळी बाटलीच्या खांद्याच्या बोटभर खाली होती, त्या वयाच्या बाटलीला शोभेल अशी. रंगही जमलेला. स्प्रिंगचं बूच कुठेही न वाकवता परत बसवलेलं. ज्याने हे केलं त्याचा डोळा पारखी होता. आबांनी भरली असती तर गळ्यापर्यंत काठोकाठ भरली असती, कारण त्यांच्या हिशेबी भरलेली बाटली म्हणजे भरलेली बाटली.

पण इतक्या पारखी माणसाने आत ओतलं काय, तर तिच्या कारखान्याची मळी! जिचा वास पानटपरीवाल्यालाही कळला असता. हातापायाला चंदन आणि कपाळाला शेण, असला प्रकार. ही गाठ तिला सुटेना.

कपाटात एकूण एक बाटल्या बंद होत्या. फक्त एक उघडी. नानासाहेबांची रोजच्या घोटाची, बारा वर्षांची इम्पोर्टेड स्कॉच, सोनेरी झाकणाची. तिने सहज झाकण फिरवून नाकाशी नेली.

आत स्कॉच नव्हती. हाही तिच्याच कारखान्याचा माल होता.

४

स्वयंपाकघरात दीपमाला करपलेलं खोबरं खिडकीतून फेकत होती. तिचा पारा चढलेलाच होता.

"आता तू कशाला आलीस? चौकशीला? कर, कर. या घरात बायकांची चौकशी करायला कुणालाही मोकळीक आहे."

"वहिनी, चहाला अजून वेळ आहे ना?"

"आहे. साखर संपली, दूध नासलं, काहीतरी सांगते मी बाहेर." दीपमालाने तिच्याकडे वळून पाहिलं. "कडूबाने चोरी केली नाही, एवढं मलाही कळतं. पण मी बोलले तर तेच म्हणतील, सुनेला काय कळतं. माझ्या आमटीत मीठ किती हेसुद्धा मला कळत नाही म्हणे."

"कोण म्हणतं असं?"

"सासरे! गेल्या वर्षी तो ताप येऊन गेला ना, तेव्हापासून सगळं त्यांना पाणचट लागतं. आधी म्हणायचे, तिखट कमी कर, पोटात आग पडते. आता ताटात ठेच्याचा डोंगर घेऊन बसतात. डोळ्यांत पाणी येईस्तोवर खातात आणि म्हणतात, हं, आता जरा लागतंय. परवा गॅस चालू राहिला होता, ते शेजारी पेपर वाचत बसलेले. मी धावत आले म्हणून. मला म्हणाले, एवढं काय ओरडायचं?"

प्रांजली फडताळाकडे वळली. तिथे केवड्याच्या अर्काची एक छोटी बाटली होती, शाही तुकड्यासाठी आणलेली.

"वहिनी, ही घेऊ का?"

"घे. पण जेवणात नको घालूस, त्याचा एक थेंब जास्त पडला तर घर डोक्यावर घेतात सगळे." ती थांबली. "घ्यायचे, म्हणजे. आधी."

व्हरांड्यात विश्वजीत फेऱ्या घालत होता. "झालं का फिरून? तुझा बाप कबूल झाला तर मी पोलिसांना सांगीन, म्हातारा आहे, जरा सांभाळून घ्या."

"तुम्ही कोणती घेता, विश्वजीतदादा? नानांच्या रोजच्या बाटलीतली?"

"मी? छे! मी बियरवाला माणूस." तो फार लवकर म्हणाला. "त्या बाटलीचं इथं काय? तुला किनार्डीबद्दल विचारायचंय ना?"

"तेच विचारतेय," प्रांजली म्हणाली.

तिला आता सगळं दिसत होतं, आणि दिसत होतं ते इतकं ओंगळ होतं की क्षणभर वाटलं, बापाला घेऊन गुपचूप निघून जावं. पण तेव्हाच आतून नानासाहेबांचा आवाज आला: "त्या चोराला सांगा, पायरीवर बसू नकोस, फाटकाबाहेर बस."

प्रांजलीने केवड्याची बाटली ओढणीत लपवली आणि आत गेली.

५

सगळे परत खोलीत जमले. कडूबाला तिने उंबऱ्यात उभं केलं. चहाचा ट्रे दीपमालाने मधल्या टेबलावर आदळला आणि तीही भिंतीला टेकून उभी राहिली. आता काहीतरी होणार हे तिला वासावरून कळलं असावं.

प्रांजली कपाटाच्या आडून एक पेला घेऊन आली आणि नानासाहेबांच्या हातात दिला.

"नाना, पोलिसांना बोलवण्याआधी एकच करा. हा चाखून सांगा, तुमच्या कपाटातली कोणती. तुमच्यासारखं नाक मराठवाड्यात नाही म्हणतात. तुम्ही ओळखलं तर मी माझं 'ही ती नाही' परत घेते, आणि आबांना घेऊन जाते."

"प्रांजले, नको!" कडूबा उंबऱ्यातून ओरडला. "पोरी, त्यो पेला खाली ठिव!"

त्याला इतक्या मोठ्याने बोलताना त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. पण सर्जेरावांची नजर नानासाहेबांवर खिळलेली होती आणि सर्जेरावांसमोर नानासाहेब मागे हटणं शक्य नव्हतं. त्यांनी पेला उजेडाकडे धरला. फिरवला. काचेवरून उतरणारे ओघळ पाहिले. नाक आत घातलं.

पेल्यात रोजच्या बाटलीतल्या मालात तिने अर्धी केवड्याची बाटली मिसळली होती. पेला कपाटाआडून बाहेर आला तेव्हापासून सगळीकडे केवडा दरवळत होता. सर्जेरावांनी रुमाल काढला आणि नाकाशी न नेता तसाच हातात धरला. विश्वजीतचं तोंड उघडं राहिलं.

"हलकी आहे," नानासाहेब म्हणाले. त्यांनी घोट घेतला. "मधाळ. जरासा धूर. सत्तरच्या सालातली असावी. वरच्या फळीवरची, हिरव्या लेबलाची."

त्यांनी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पेला टेबलावर ठेवून दिला.

"नाना," प्रांजली म्हणाली, "तुम्हाला वास येत नाही. गेल्या वर्षीच्या तापापासून."

"तोंड सांभाळ!" विश्वजीत ओरडला, पण त्यात दम नव्हता.

"मघाशी खोबरं करपलं, सगळ्यांनी नाक धरलं, यांना पत्ता नाही. मी म्हणाले, ही ती नाही, तेव्हा नाना चिडले नाहीत. त्यांना ते ठाऊकच होतं. चिडले कधी? आमच्या कारखान्याची म्हणाले तेव्हा. शक्यच नाही म्हणाले. का? कारण त्यांनी आत ओतली होती ती बारा वर्षांची स्कॉच, असं त्यांना वाटत होतं. पातळी बरोबर, रंग बरोबर, बूच बरोबर, सगळं डोळ्याने केलं. नाकाने काही कळत नव्हतं. आमच्यासारख्या एखाद्याने ओळखलंच असतं, तर फार तर म्हणाला असता, चांगली आहे पण एवढी जुनी वाटत नाही. पण सर्जेरावांसमोर तेवढंही नको होतं, म्हणून मला दारात बघून यांचा चेहरा आंबट झाला."

"मग तुझ्या कारखान्याची कशी झाली?" सर्जेरावांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता. त्यात मजा उरली नव्हती.

"ज्या बाटलीतून नानांनी ओतली, ती आधीच कुणीतरी रिकामी करून स्वस्त मालाने भरली होती. चोरावर मोर. मघाशी नाना त्याच बाटलीतून सगळ्यांना एकेक घोट देणार होते. कुणी अडवलं? चव बिघडंल म्हणून?"

सगळ्यांच्या माना विश्वजीतकडे वळल्या. दीपमाला भिंतीपासून बाजूला झाली.

"तुम्ही?" ती म्हणाली. "आणि त्या म्हाताऱ्याला ठाण्यात धाडत होतात?"

विश्वजीतने आधी हात झटकले, मग एकदम सगळं ओकला. "व्हय, मीच! मित्रांना पाजली. चांगल्या बाटल्यांना सील, अन रोजची तेवढी उघडी. काय बिघडलं? वर्ष झालं, नाना रोज तीच पितायत अन 'वा' म्हणतायत! मी म्हणलं, म्हातारा झाला, जीभ बोथटली. त्यांना गटारीचं पाणी दिलं असतं तरी त्यांनी त्यात मध काढला असता!"

नानासाहेब खुर्चीत बसले. बसले म्हणण्यापेक्षा खुर्ची मागे होती म्हणून सावरले.

"एकेक बाटली मुकी झाली," ते कुणाकडेच न बघता म्हणाले. "ताप उतरला अन सगळं गप. वाटलं, किनार्डी तरी बोलेल. तिला उघडलं, रोज थोडी घेतली. काही नाही. नुसती आग. शेवटचा घोट उरला तेव्हा कडूबाला बोलावलं. म्हटलं, तू घे आणि मला सांग कशी लागते."

"अन त्याला बिरोबाची आण घातलीत, कुणाला सांगायचं नाही म्हणून," प्रांजली म्हणाली. "आबांनी आण पाळली. तुम्ही काय पाळलंत? त्यांचे शब्द तुम्ही आज पाहुण्यांना वाटलेत, घोंगडी अन खरवड. आणि त्यांनाच चोर म्हणालात."

"म्या गिळली नाय," कडूबा एकदम म्हणाला. आता आण मोडायला काही शिल्लक नव्हतं. "जिभंवर घेतली अन भाईर थुकली. माझ्या गळ्याखाली दारू गेली नाय."

"आम्हीही कारखान्यात थुंकतोच, आबा," प्रांजली म्हणाली.

६

सर्जेराव आधी उठले. नानासाहेबांना बोचेल असं काहीतरी बोलून जातील, असं सगळ्यांना वाटलं होतं. ते काही बोलले नाहीत. टेबलावरची किनार्डीची बाटली त्यांनी उचलली, लेबल पाहिलं, पुन्हा होती तिथे ठेवली आणि गाडीकडे गेले. त्या न बोलण्याने नानासाहेबांचा चेहरा आणखी उतरला. उद्या कन्नडपासून जालन्यापर्यंत सगळीकडे हे कळणार होतं.

विश्वजीत बायकोच्या मागे आत गेला. आतून भांडी आदळल्याचा आवाज येऊ लागला.

प्रांजली जागची हलली नाही. "नाना, एक वाक्य बाकी आहे. कडूबा चोर नाही, असं म्हणा. आमच्या वस्तीवर हे बोलणं आमच्या आधी पोचेल. तिथे तुमचा शब्द चालतो."

नानासाहेब खुर्चीत मान घालून बसले होते. कडूबा पुढे आला. मातीचे पाय आत कसे न्यायचे, हे त्याने यावेळी मनात आणलं नाही. करदोट्यातून खोलीची किल्ली सोडवली आणि चहाच्या ट्रेमध्ये ठेवली. बिरोबाची किल्ली कमरेलाच राहू दिली.

"येतो, मालक."

तेव्हा कुठे नानासाहेबांनी वर पाहिलं. डोळे लाल झाले होते. आता ते वाक्य येईल म्हणून प्रांजलीने श्वास रोखून धरला.

"कडूबा," ते म्हणाले, "जायच्या आधी एकदा सांग ना. ती कशी लागली होती? शेंगांच्या पुढं तू आणखी काहीतरी म्हणाला होतास. मला आठवत नाही. तुझ्याशिवाय आता कुणालाच ठाऊक नाही रे."

कडूबा उंबऱ्यात थांबला. त्याने जीभ ओठांवरून फिरवली. प्रांजलीला दिसलं, त्याला अजून सगळं आठवत होतं, अगदी शेवटच्या चवीपर्यंत.

"इसरलो, मालक," तो म्हणाला आणि पायरीवरच्या चपला पायात घालू लागला.